प्रथिनाची पकड

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मल्हारी शेजारच्याच टेबलावर काम करायचा, तरी साहेबरावांना त्याच्याविषयी फार थोडं ठाऊक होतं. करमाडकडचा, मेंढपाळाच्या घरचा. मुलंबाळं किती, तेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माहीत होतं ते त्याचं प्रथिन.

हे प्रथिन डीएनएच्या लांबलचक दोरीवर नेमक्या एका जागी बसून शेजारचा जनुक बंद करायचं. दोरीचा पीळ न सोडवता, बाहेरच्या खाचेत टोक घालून ते अक्षरांच्या कडा चाचपायचं. ओळखीचा क्रम लागला की धरून ठेवायचं. ती जागा मल्हारीला शोधायची होती. कापणारं एन्झाइम सोडलं की डीएनएवर सगळीकडं काप पडतात, प्रथिनाखालचा तुकडा तेवढा वाचतो आणि तुकड्यांचा ठसा घेतलेल्या एक्स-रे फिल्मवर तिथं कोरी जागा दिसते. "मेंढी बसती तिथं दव पडत नाय, तसं," तो सांगायचा.

विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला. जाताना त्याने विभागप्रमुख बद्रीनाथ सरांना एवढंच विनवलं, की फ्रीजरमधली प्रथिनाची कुपी हलवू नका.

सुटून आल्यावर त्याने प्रयोग लावला. फिल्मवर वरपासून खालपर्यंत कापच काप, कोरी जागा कुठंच नाही. फ्रीजरच्या तळाशी मात्र सरबताच्या बाटलीचं बूच सापडलं.

शिपायाने खरं काय ते सांगितलं. मल्हारी तुरुंगात असताना वाळूजचे कारखानदार विभाग बघायला आले, तेव्हा सरांनी बाटल्या गार करायला फ्रीजर रिकामा केला होता. कुपी मे महिन्याच्या उन्हात खिडकीत राहिली आणि संध्याकाळी गुपचूप परत आत गेली. उष्णतेनं प्रथिनाचा आकार मोडला होता. आता ते काहीच धरणार नव्हतं.

साहेबराव संतापून त्याच्यासोबत सरांकडं गेले. सरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "नारे देताना आठवलं नाय का प्रथिन?"

"गारच करायच्या तर बाटल्या विहिरीत सोडायच्या, सर," मल्हारी म्हणाला. "विहिरीत माझं प्रथिन टिकत नाय. आणि नासवलं ते नासवलं, वर गपचिप परत ठिवलं. मेलेल्यावर प्रयोग लावला मी, माझ्याकडून मढं राखून घेतलं तुम्ही."

पुन्हा बनवायला सरांनी सामान मंजूर केलं नाही. पावसाळ्यात मल्हारीने वाळूजच्या औषध कारखान्यात नोकरी धरली. टेबल पुसून तो निघाला. साहेबरावांच्या तोंडात सरांसाठी शिव्या होत्या, पण विचारलं भलतंच.

"बस कुठून धरतो?"

"छावणीतून."

"गर्दी असंल."

"व्हय. उभ्यानंच जावं लागंल."