काकांनी शांत केलेला लॅपटॉप

त्यांना सगळे डेस्कटॉपकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. गेम खेळायला लॅपटॉप हवाय म्हणून कुणी त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवला, की काका हातातलं काम बाजूला सारून सुरू व्हायचे. लॅपटॉप तापतो, तापला की मंदावतो, पंखा बोंबलतो आणि दोन वर्षांत यंत्र मान टाकतं. त्यापेक्षा डेस्कटॉप घ्या नि सुखाने खेळा. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर, पण आपलं म्हणणं सोडायचं नाही, असा खाक्या. तीस वर्षं तापलेली यंत्रं उघडणाऱ्या माणसाला तेवढा हट्ट शोभतोही म्हणा.

त्यांना निरुत्तर केलं ते एकाच मुलीने, तेही फोनवर. काकांचं सगळं पुराण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, टेबलाशी बसता आलं असतं तर मी मैदानावरच गेले नसते का खेळायला? मी पाठीवर पडून असते. पोटावर मावेल असं काहीतरी द्या."

गेमसाठी म्हणून काकांनी आयुष्यात विकलेला तो एकमेव लॅपटॉप. तो तिच्या आईने नेला. पोटाला चटका बसू नये म्हणून खाली ठेवायची लाकडी चौकट काकांनी स्वतःच ठोकून दिली होती.

तीन वर्षांनी आई तोच लॅपटॉप घेऊन आली. "मध्येच बंद पडतो," ती म्हणाली. "चालू राहायला हवा. बाकी काही नको."

"अजून खेळते वाटतं दिवसभर?" काकांनी हसत विचारलं.

"ती गेली. चार महिने झाले."

काकांना पुढे काही विचारवेना, आणि चुकलं ते इथेच. त्या मुलीसाठी आपल्या हातून एवढं तरी नीट व्हावं म्हणून ते जीव ओतून कामाला लागले. आतली धूळ काढली, चिप थंड ठेवणारा, सुकून गेलेला लेप खरवडून नवा लावला, घरघरणारा पंखा काढून नवाकोरा बसवला. मग तिचाच गाड्यांचा गेम लावून यंत्र दुपारभर चालवलं. कान लावला तरी काही ऐकू येईना. संध्याकाळी लॅपटॉप आईच्या हाती देताना काका स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत आई दारात हजर.

"काय केलंत हो हे?" तिने लॅपटॉप काकांच्या हातात ठेवला. "मी स्वयंपाकघरात असायचे. भिंतीपलीकडून घरघर आली की समजायचं, आज दुखत नाहीये, पोर खेळतेय. घरघर थांबली की हातातलं टाकून पळायचे. अजूनही रोज संध्याकाळी मी गेम लावून ठेवते आणि भांडी घासायला जाते. काल लावला, तर भिंतीपलीकडे कुणीच नव्हतं."

काढलेले पंखे ते एका डब्यात टाकत. काकांनी तो डबा उपडा केला, तर त्याच मापाचे, अगदी एकसारखे अकरा निघाले. त्यातला तिचा कुठला, ते त्यांनाही सांगता येईना. त्यांनी आईला स्टुलावर बसवलं आणि एकेका पंख्याची वायर छोट्या बॅटरीला लावून तो फिरवायला सुरुवात केली. आई डोळे मिटून ऐकत होती.

"हा नाही."

काकांनी पुढचा घेतला.

"हा नुसता खोकतोय. हाही नाही."

आठ झाले. तिचा पंखा कचऱ्यात गेला असेल, तर आता या बाईला काय सांगायचं? त्यांनी नववा उचलला आणि पात्यांवरची धूळ बोटाने पुसली.

"हाच," आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा सैल झाला होता. "खेळतेय बघा."

काकांनी हातातल्या पंख्याकडे पाहिलं. वायर अजून लोंबतच होती. एकही पातं हललेलं नव्हतं आणि दुकानात कसलाच आवाज नव्हता.

एरवी कुणाची चूक दाखवल्याशिवाय राहवत नसे त्या माणसाला. पण या वेळी काकांनी तोंड उघडलं नाही, आणि तोच पंखा बसवायला घेतला.