पाणी येऊन राहिलं

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव चांदूर रेल्वे. शेवटची पोस्टिंग राजस्थानातल्या एका फ्युएल डेपोत होती आणि माझ्याकडे फायर पंप होता. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. मी सहा वर्षं होज वाळवत काढली.

रोज सकाळी सहाला इंजिन पाच मिनिटं चालवायचं. सोमवारी टाकीतून पाणी ओढून सगळे होज भरायचे, मग टांगून वाळवायचे. घडी दर वेळी नव्या जागी घालायची, नाहीतर जुन्या घडीवर होज फाटतो. नोझल धरायचा लान्स नायक गजानन, हिवरखेडचा. त्याच्या घरी वांग्या-मिरच्यांची वाडी. आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलायला लागलो की बाकीच्या जवानांना वाटायचं भांडण जुंपलं.

मे महिन्यात ॲडम इन्स्पेक्शन, म्हणजे युनिटची वार्षिक तपासणी, लागलं. इन्स्पेक्शन म्हटलं की चुना आणि ब्रासो. पितळेच्या कपलिंगमध्ये तोंड दिसलं पाहिजे. सक्शन पाइपच्या जोडात रबराचा वायसर असतो. त्याला ब्रासो लागू नये म्हणून मी वायसर काढून डब्यात ठेवले आणि डबा स्टोअरमध्ये ठेवला. साहेबांनी कपलिंगवर बोट फिरवलं, 'शाबाश' म्हणाले. पाणी ओढून कुणी पाहिलं नाही. मीही नाही. शाबाशकीत डोकं फिरलं होतं माझं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कुंपणाबाहेरचं गवत पेटलं. वारा डेपोकडे होता. सुभेदार साहेबांची ऑर्डर आली, "पंप लगाओ. ड्रम लाइन बचाओ." चार मिनिटांत पंप टाकीजवळ लागला. गजानन होज ओढत दीडशे मीटर पुढे गेला, ड्रमच्या रांगेसमोर. मी पाणी वर खेचायचा प्रायमर ओढला. इंजिन चालू, गेज शून्यावर. परत ओढला. शून्य.

रेडिओवर गजानन आला. "पाणी सोड. ओव्हर."

"येऊन राहिलं."

जोडावर हात ठेवला तर हवा आत जात होती. तेव्हा वायसर आठवले. स्टोअर अर्धा किलोमीटर लांब. एका जवानाला तिकडे पळवलं. अंगातला शर्ट फाडला, भिजवून जोडावर आवळला.

दोन वाजून अठरा मिनिटांनी रेडिओ परत वाजला. "कावून नाही येऊन राहिलं? आग लय जवळ आली. वापस येऊ का?"

वायसर विसरलो, हे माझ्या तोंडून निघेना. लाज वाटली. मी म्हणालो, "थांब. एक मिनिट."

"बरं."

जवान वायसर घेऊन आला तेव्हा पाणी चढलं, दोन वाजून सव्वीस मिनिटांनी. पहिला ड्रम त्याच्या आधीच फुटला होता. होज ताठ झाला, पण टोकाला धरणारा कुणी नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत वायसरचं विचारलं. मी कबूल केलं, शिक्षा घेतली. रेडिओवर मी काय बोललो हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर हिवरखेडला गेलो. गजाननचे बाबा वाडीत मोटर लावून बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, तो एक मिनिटही. ते पाटाकडे पाहत म्हणाले, "आमची मोटर बी हवा धरते, भाऊ. मंग मी इथूनच गजूले आवाज देत जाओ, पानी नाही, वापस ये. तो आयकत जाय. तुमी नुसतं 'पानी नाही' म्हनाचं होतं."

त्यांनी मला चहा दिला.

आता अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगचा फायर पंप माझ्याकडे आहे. कपलिंग काळी पडली आहेत, मॅनेजर कुरकुरतो, मी ऐकत नाही. दर सोमवारी वायसर बोटाने चाचपतो आणि पंप लावतो. गेज चढेपर्यंत वॉकीटॉकीवर एकच बोलत राहतो, "पाणी नाही. वापस ये." नोझलवाला हसतो, म्हणतो, "आग कुठी लागली, हवालदार साहेब?"

मी तरी बोलतो. लान्स नायक गजाननला हे दोन वाजून अठरा मिनिटांनी सांगायचं होतं. तो आला असता.