बेल्डन फोर्कची लोकसंख्या

इथे अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात नकाशे करायला लागल्यापासून माझ्याकडे किस्से आपोआप साठतात. सांगायला बसलं की बरेचसे बेल्डन फोर्कचेच निघतात. म्हणजे आता नसलेल्या गावाचे. एके काळी काउंटीचं मुख्य ठिकाण तेच होतं. मग मतदान होऊन कोर्ट आमच्या या गावात आलं. मागोमाग वकील आले, दुकानं आली, शाळा आली, आणि तिथे गवत राहिलं.

*

पहिल्याच आठवड्यात बेल्डन फोर्कमध्ये वाढलेले वॉल्टर नावाचे शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ काउंटरवर आले.

“तुझं गाव कुठलं?”

“मिरज.”

“जिल्ह्याचं ठिकाण?”

“नाही, ते शेजारी सांगलीला.”

त्यांनी हॅट काढून काउंटरवर ठेवली. “म्हणजे तू आमच्यातलीच,” म्हणाले. त्या दिवसापासून ते माझे वॉल्टरकाका, आणि त्यांची थोरली बहीण रूथ ओघानेच आत्या.

*

दर उन्हाळ्यात उरलेसुरले बेल्डनकर त्या माळावर पिकनिकला जमतात. सगळे आपापल्या घराच्या जागी खुर्च्या टाकून बसतात. रूथआत्यांची जागा तर अजून त्यांच्याच नावावर आहे. माझा नवरा आनंद बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन गवतातून थेट त्यांच्याकडे निघाला.

“अरे, भिंतीतून कुठे येतोयस? दार इकडे आहे!” आत्या ओरडल्या.

आनंद निमूटपणे वळसा घालून गेला. दाराशी त्याने बूटही काढले.

*

न्हावी कुठे बसायचा ते दाखवताना काकांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. डोक्यावर एक केस नाही.

“खूप आठवण येते का हो?” मी विचारलं.

“केसांची?” काका म्हणाले, आणि न्हाव्याच्या जागी खुर्ची सरकवून बसले. मला एकाएकी मिरजेच्या आमच्या गल्लीची इतकी आठवण आली, की मी गाडीत जाऊन बसले.

*

यंदा काउंटीचा नकाशा अपडेट करायचा होता. नियम असा, की जिथे कोणीच राहत नाही त्या गावाचं नाव डिलीट करायचं. ते काम माझ्याकडे. दोन आठवडे टाळलं, शेवटी काकांना सांगून टाकलं. त्यांनी बहिणीला सांगितलं.

सोमवारी सकाळी वॉकर टेकत रूथआत्या ऑफिसात आल्या. एक्क्याण्णव वर्षांत त्या या ऑफिसची पायरी चढल्या नव्हत्या. इथली माणसं आपलं कोर्ट घेऊन गेली, हा राग.

“नाव राहायला किती माणसं लागतात?”

“एक पुरे,” मी म्हटलं.

“मग पत्ता बदलायचा फॉर्म दे.”

खिडकीतून पार्किंग दिसत होतं. काका पिकअपमध्ये बसले होते, आणि मागे राहायची कॅम्पर जोडलेली होती.

आत्यांनी सावकाश लिहिलं. मेन स्ट्रीट, बेल्डन फोर्क. राहणारी माणसं, एक.

“एकट्याच राहणार, आत्या?”

“सध्या,” त्या म्हणाल्या आणि सही केली.