उपाशी पाठवणी

पुण्याजवळच्या सूस गावच्या साधनाला घाणीची शिसारी लहानपणापासूनची. शेण काढायची पाळी आली की ती नाकातोंडाला ओढणी गुंडाळून गोठ्यात शिरायची आणि आई म्हणायची, “निघाल्या महाराणी!” त्याच साधनानं पुढे कुत्र्याची पिल्लं विमानानं पाठवायचं काम धरलं, याचं माहेरी अजून हसू होतं. घरची जमीन सोसायट्यांत गेली, नवऱ्यानं खोल्या भाड्यानं दिल्या. ती मात्र एक जुनी गाडी घेऊन गावोगावची पिल्लं लोहगावच्या विमानतळावर नेऊन पोचवत असे. पिल्लाला उभं राहून वळता येईल एवढा पिंजरा, दाराला पाण्याची वाटी, डॉक्टरांचा दाखला, यात तिची कधी चूक व्हायची नाही. पिल्लू सुखरूप पोचल्याचा फोटो आल्याखेरीज ती पानावर बसत नसे. पिल्लांच्या घाणीचं तिला आता काही वाटत नव्हतं. किळस यायची ती माणसांची.

माले गावच्या हैबतरावांची तर फारच. त्यांनी म्हशी विकून गोठ्यात एक लॅब्राडोर कुत्री बांधली होती. तिचं एक पिल्लू कोलकात्याच्या क्षितिजा नावाच्या बाईंनी घेतलं होतं. सकाळी साधना न्यायला गेली तेव्हा गोठ्यात मुताचा असा भपकारा होता की डोळ्यांत पाणी यावं. साखळीची कुत्री, आचळं लोंबलेली, उठलीसुद्धा नाही.

अंगणात हैबतरावांची बायको चंद्राबाई पिल्लाला ओवाळत होती. कपाळी कुंकू, आणि पोट नगाऱ्यासारखं टम्म.

“काकू, हिला खायला घातलंत?”

“दूध-भाकरी चारली. वाईच दही घातलं जिभंवर.”

“अहो, फोनवर बजावलं होतं ना, सकाळी पाण्याशिवाय काही नको! विमानात ओकली तर घशात अडकेल.”

“लेकरू सासरी चाललंय माजं,” चंद्राबाई फणकारली. “आमी न्हाई कुणाला उपाशी लावीत घरातनं. तुमच्या सुसात लावीत असतील.”

“ऱ्हाऊ द्या ओ ताई, बाईमानसाचा जीव,” म्हणत हैबतराव पुढे आले आणि त्यांनी पिल्लाच्या तोंडात गुळाचा मोठा खडा कोंबला. साधना ओरडेपर्यंत तो गिळलासुद्धा गेला होता.

विमान दुपारचं होतं. तोवर पोट हलकं होईल, नाहीतर पुढच्या विमानानं पाठवू, असं मनाशी धरून ती निघाली. पिरंगुटच्या पुढे पिल्लू भडाभडा ओकलं. आंबूस वास गाडीभर पसरला. नाक दाबून साधना फडक्यानं पुसायला लागली आणि तिचा हात थांबला. चिकट गुळात एक पांढरी गोळी रुतलेली होती.

तिनं तिथूनच हैबतरावांना फोन लावला.

“गुळात काय घातलं होतंत?”

“आवो, झोपंची गोळी. वरडंल बिरडंल, म्हनलं गप पडंल. मेडिकलवाला वळखीचाच हाय.”

“माणसाची गोळी? या एवढ्याशा जिवाला?”

“एकच तर दिली!”

“आजपासून तुमच्या दारात माझी गाडी येणार नाही.”

“तुमी न्हाई तर दुसरं कुनी न्हेईल,” हैबतराव शांतपणे म्हणाले. खरंच नेईल, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचीच जास्त शिसारी आली.

बावधनच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पिल्लाला तपासलं. “भरलेल्या पोटानं वाचली ही. सगळं बाहेर आलं, गोळीसकट. नाहीतर विमानात गुंगीतच श्वास थांबला असता.” आठवडाभर पाठवायची नाही, असं बजावून त्यांनी सोडलं.

क्षितिजाबाईंना हे कळवलं तर त्या म्हणाल्या, “अय्या, बिचारी! पण आज आमच्या ओमचा वाढदिवस आहे हो, पाहुणे यायचेत. जरा पुसून-बिसून पाठवता नाही का येणार?”

“फर्निचर नाही ते,” साधना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आठवडाभर पिल्लू साधनाच्या न्हाणीघराशी झोपलं, घरभर मुतलं. ती पुसत राहिली, तिला शिसारी आली नाही. मग डॉक्टरबाईंच्या परवानगीनं ती पुन्हा लोहगावला निघाली. या खेपेला पिल्लू उपाशी. सबंध वाटभर ते भुकेनं कुईकुई करत होतं. पिंजरा आत गेला आणि चंद्राबाईचा फोन आला.

“काय चारलंस गं तिला?”

“काही नाही, काकू.”

“थू तुज्या!” फोन बंद झाला.

साधनाला राग आला नाही. त्या घरात पिल्लाला लेकरू म्हणणारं तेवढंच एक माणूस होतं.

ती तशीच घरी येऊन बसली. फोटो आला तेव्हा रात्रीचा स्वयंपाक झाला होता, ताट वाढलेलं होतं. पिल्लू पोचलं होतं, धडधाकट, गळ्यात लाल रिबीन. शेजारी ओम, त्याच्यासाठी वाढदिवसाचा केक पुन्हा आणलेला, आणि पिल्लाच्या मिशांना तपकिरी क्रीम फासलेलं.

साधनानं ताट सरकवलं आणि फोन उचलला.

“क्षितिजाबाई, तो केक आधी हिसकावून घ्या. चॉकलेट विष आहे तिला. हसू नका! किती खाल्लंय ते सांगा, आणि तिकडच्या डॉक्टरांकडे आत्ताच्या आत्ता निघा. मी फोनवर आहे.”