डाव्या सीटसमोरचं स्टेअरिंग

शफीच्या जीपमधली डावी सीट आमिनाबीची. शफीशी लग्न होऊन केजला आली त्या सालापासूनची. मागं कितीही गर्दी असो, एखादा पॅसेंजर पुढं बसायला आला की शफी म्हणायचा, "मामा, मागं सरका. ती जागा क्लीनरची हाय."

क्लीनर म्हणजे आमिनाबी. सीताफळाचे दिवस आले की दोघं भल्या सकाळी निघायची. केजहून धारूर, धारूरच्या पुढं घाट, आणि घाटाखालच्या वाड्यावस्त्यांवरून पाट्या भरून परत केजच्या बाजारात. शफी गाडी हाकायचा आणि आमिनाबी डावी बाजू सांभाळायची. कडेची नाली, दगड, डावीकडून घुसणारे मोटारसायकलवाले, सगळं तिच्या नजरेत. सांगायची पद्धत ठरलेली होती. खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि दाराच्या पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. त्या जागी दाराचा रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता.

घाटाच्या वळणांचाही एक रिवाज होता. वळण आलं की हॉर्न द्यायचा आणि कान द्यायचा. पलीकडून कुणी येत असेल तर तोही हॉर्न देतो. मग चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. शफीचा हॉर्न आणि पलीकडून आलेलं उत्तर ऐकून आमिनाबी सांगायची, "ट्रक हाय, भरलेला." शफीनं ते कधी तपासून पाहिलं नाही. थांबायचा.

मग शफीला काचबिंदू झाला. समोरचं बऱ्यापैकी दिसायचं, पण दोन्ही कडा हळूहळू विझत गेल्या. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि शफी ओट्यावर तिच्याकडं पाठ करून बसायला लागला. मुलानं, फैजाननं चालवावी तर तो लहानपणापासून घाटात ओकतो. दुसऱ्या वळणाला खिडकीबाहेर तोंड. त्यानं बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं ते त्यामुळंच, असं शफी चारचौघांत सांगायचा आणि फैजान हसून घ्यायचा.

कडा गावचा उत्तरेश्वर मुकादम जीप बघून गेला. ऊसतोडीच्या कामाला त्याला अशीच गाडी पाहिजे होती. "कारखाना सुरू व्हायच्या आत नेतो," म्हणाला. शफी "ने" म्हणाला आणि उठून आत गेला.

 त्या रात्री भाकरी थापताना आमिनाबीच्या ध्यानात आलं, की जीप गेली म्हणजे नुसती जीप जाणार नाही. घाटही जाणार. भाड्याच्या टेंपोत पाट्या येतील, ती येणार नाही. पिकायला आलेलं सीताफळ झाडावर डोळे उघडायला लागलेलं बघून उद्या तोडा म्हणायचं की परवा, हे टेंपोवाल्याला कुठून कळणार? आणि ती? ती केजच्या बाजारात बसून दुसऱ्यानं आणलेला माल विकणार.

उन्हाळ्यात फैजाननं दुकानाच्या मागच्या खोलीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम मांडला. मोठा टीव्ही, आणि पुण्याहून कुणाकडून तरी आणलेलं जुनं स्टेअरिंग, खाली क्लच-ब्रेक-अॅक्सिलरेटर सगळं. कॉलेजची पोरं त्यावर तुटून पडली. आमिनाबी दुपारी डबा घेऊन जायची, डबा ठेवून यायची. एका शुक्रवारी पोरं नमाजला आणि जेवायला गेली होती, नमाजहून लवकर परतलेला फैजान सोडला तर खोली रिकामी होती, आणि तिची नजर खुर्चीवर गेली.

ती खुर्ची नव्हतीच. ती सीट होती. शफीनं मागच्या साली नव्या सीटा बसवल्या तेव्हा काढून टाकलेली जुनी डावी सीट. फैजाननं मुस्तकीम वेल्डरकडून तिला लोखंडी सांगाडा जोडून घेतला होता. उजव्या काठाला सीताफळाच्या पाटीच्या बांबूच्या कामटीनं फाटलेलं, आणि तिनंच दाभणानं शिवलेलं ते भोक तसंच होतं.

"ही माझी सीट हाय की रे," ती म्हणाली.

"तुझीच अम्मी. बसून तर बघ."

ती बसली. अंगाला ओळखीचा खळगा लागला. पण आजवर ह्या सीटसमोर नुसता डॅशबोर्ड असायचा, आणि आता स्टेअरिंग होतं. तिनं दोन्ही हात त्यावर ठेवले. काचेच्या बरणीला धरावं तसे.

फैजाननं गेम चालू केला, आणि तिनं चटकन हात काढून घेतले.

"अगं बाई, हे ओढतंय!"

"मोटर हाय आत. रस्ता कसा हाय ते हाताला सांगते. धर, चावत न्हाई."

तिनं परत धरलं. टीव्हीवर डोंगरातला कुठला तरी परदेशी रस्ता होता. गाडी डांबरावर होती तोवर चाक शांत थरथरत होतं, झोपलेल्या मांजरासारखं. कडेच्या मुरमात गेली तसं ते खडखडायला लागलं, हातातून निसटू बघायला लागलं. वळणावर जड झालं. वळण संपलं तसं आपोआप सरळ व्हायला लागलं, घराकडं निघालेल्या बैलासारखं. इतकी वर्षं तिनं रस्ता डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला, कंबरेनं सोसला. पण रस्ता असा तळहातात येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हा माणूस इतकी वर्षं हे सगळं हातात घेऊन बसलेला होता, आणि घरी येऊन नुसतं "चहा टाक" म्हणायचा!

त्या दिवसापासून डबा लवकर पोचायला लागला.

ती शर्यतीत पहिल्या दिवशी शेवटून पहिली आली आणि त्यानंतरही तिथंच राहिली. कारण साधं होतं. ती प्रत्येक वळणाला वेग कमी करायची, हॉर्न द्यायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर यायचं नाही. मागून गाड्या सूं सूं करत निघून जायच्या, एखादी तिला धडकून जायची. हॉर्नचं बटण तर ह्या स्टेअरिंगला आधी नव्हतंच. फैजाननं तिच्यासाठी एका बटणावर हॉर्न बसवून दिला होता. त्याहून मजा म्हणजे गाडी सुरू करायच्या आधी तिचा डावा हात आपसूक बाहेर जायचा आणि लोखंडी सांगाड्यावर दोन थापा पडायच्या. स्वतःच स्वतःला 'चल' सांगायची.

एकदा विजयसिंह नावाचं कॉलेजचं पोरगं वेळेआधी येऊन टपकलं आणि दारातच खो खो हसायला लागलं.

"काकू, रेस हाय ही, वरात न्हाई! वळणावर कावून थांबायल्यात?"

"पलीकडून मेंढरं आली तर?"

"गेममधी मेंढरं कुठून येतील काकू?"

"तुला ठावं हाय का पलीकडं काय हाय ते? दिसतंय का तुला?"

विजयसिंहाला ते दिसत नव्हतं हे खरंच होतं. तो म्हणाला, "पण काकू, एकदाबी खाली पडल्या न्हाईत तुमी. मी रोज दरीत जातो."

फैजाननं मग तिच्यासाठी दुसरा गेम शोधला. शर्यत नाही, ट्रकचा. माल भरायचा, डोंगरातून न्यायचा, फुटू न देता उतरवायचा. हा गेम तिला आपला वाटला. क्लच दाबून गिअर टाकताना ती जीभ दातांत धरायची. उतारावर ब्रेकवर पाय दाबून न ठेवता गिअर खाली टाकायचा, हे तिला कुणी शिकवलं नाही. शफीच्या गाडीचा आवाज उतारावर कसा बदलायचा ते तिच्या कानात होतं. ती तो आवाज यायची वाट बघायची, आणि तो आला की तिला कळायचं, बरोबर झालं.

ही गोष्ट शफीला चहाच्या टपरीवर कळली. कुणीतरी म्हणालं, "शफीभाई, तुमी गाडी सोडली आन् भाभीनं धरली म्हणं!" शफी तसाच उठला. भिंतीला हात लावत, मान इकडं तिकडं वळवत दुकानात आला. फैजान दचकून उभा राहिला. शफीनं त्याला हातानं गप्प केलं आणि आतल्या खोलीच्या दारात थांबला.

आमिनाबीची पाठ होती. ती ट्रक उतरवत होती, आणि तिचं तोंड चालू होतं. "हां, हळू. आता डावीकडं नाली. हॉर्न. कुणी न्हाई. चल बाबा चल. आता आवळ. आवळ म्हणते ना."

शफी ऐकत राहिला. पडदा त्याला तुकड्यातुकड्यानं दिसत होता, पण बोलणं पुरं ऐकू येत होतं. हे बोलणं त्यानं आयुष्यभर डाव्या कानानं ऐकलं होतं. तेच, तसंच. फक्त आता ते ऐकणारा कुणी स्टेअरिंगवर नव्हता. तीच होती.

"तिसरा टाक," तो म्हणाला.

आमिनाबीनं मागं न बघता तिसरा टाकला. मग तिला कळलं, कोण बोललं. ट्रक कडेला जाऊन उभा राहिला. चाक खडखडत राहिलं.

"काय करायलीस हा पोरखेळ?" शफीचा आवाज चढला, पण मधेच त्याचा हात पुढं आला आणि थरथरणाऱ्या चाकावर टेकला. तो तिथंच राहिला. शफीची बोटं आपोआप वळली, जुन्या सवयीनं अंगठा बाहेर. चाक त्याच्या हाताखाली कुरकुरत होतं. फैजाननं अब्बांचा चेहरा बघून दुसरीकडं बघितलं.

"हे खोटं हाय," शफी शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. "क्लच इतका हलका नसतो."

"मग खरा कसा असतो ते दाखवा," आमिनाबी म्हणाली.

शफी दाराकडं वळला. "ताडपत्री काढ रे," एवढंच फैजानला म्हणाला.

खरा क्लच खरोखरच जड निघाला. आणि खरी जीप गेमसारखी लगेच वळत नव्हती. तिच्या स्टेअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा होता, चाक हलवलं की ती क्षणभर विचार करायची. शिकाऊ लायसन काढलं, मग बाजाराच्या मागच्या मैदानावर सकाळ-सकाळी सराव. पहिल्या दिवशी जीप इतक्या वेळा बंद पडली, की बकऱ्या चारणारी सारजाबाई दगडावर बसून बघायलाच लागली. "आमिनाबी, गाडी हाय का घोडं?" शफी शेजारी बसून ओरडायचा, आमिनाबी उलट ओरडायची, आणि मागं बसलेला फैजान दोघांवरही ओरडायचा. पण हात शिकलेले होते. मुरूम लागला की चाक सैल धरायचं, वळण संपताना त्याला आपलं आपण येऊ द्यायचं, हे त्यांना पुन्हा शिकवावं लागलं नाही. पावसाळा संपेपर्यंत पक्कं लायसनही हातात पडलं.

तरी शफीनं अट घातली. "पॅसेंजर एकबी घ्यायचा न्हाई. घाट उतरायचा, पाट्या भरायच्या, घाट चढून परत. नीट झालं तर ठेवू. न्हाई तर उत्तरेश्वरला फोन."

सीताफळं डोळे उघडायला लागली होती. निघताना शफी सवयीनं उजव्या दाराशी गेला. मग थांबला, पुढून वळसा घालून डावीकडं आला आणि चढून बसला. ह्या बाजूनं रस्ता वेगळाच दिसतो, असं तो धारूर येईपर्यंत दोनदा म्हणाला.

घाट लागला आणि आमिनाबीच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावरच्या दरीला तिनं कधी चाक आवळून धरलं नव्हतं. इथं धरलं. पण चाक हातात बोलत होतं. उतार, खड्डा, खडी, सगळं सांगत होतं. तिनं गिअर खाली टाकला. तो आवाज आला. शफीनं मान हलवली. वळण, हॉर्न, कान. पुढचं वळण, हॉर्न, कान. पलीकडून ट्रकनं उत्तर दिलं तेव्हा ती इतकी दचकली, की तिला हसूच आलं. एवढे महिने हॉर्न देऊन आज पहिल्यांदा तिला कुणी उत्तर दिलं होतं. ती कडेला थांबली. ट्रकवाल्यानं जाताना स्टेअरिंगवर बाई बघितली, पुन्हा बघितलं, आणि कपाळाला हात लावून सलाम केला.

भरल्या पाट्या घेऊन चढताना सर्वांत वरच्या वळणाला तिनं हॉर्न दिला. उत्तर आलं नाही. चढणाऱ्याचा मान होता, उत्तर नव्हतं, कुणीही सरळ गेलं असतं. तिनं वेग मोडला आणि पाय ब्रेकवर आणला.

वळणापलीकडं रस्ता पांढरा-काळा होऊन हलत होता. मेंढरं. गहिनीनाथ धनगराचा कळप होता, रस्ताभर पसरलेला. एक कोकरू बंपरला तोंड लावून उभं राहिलं. आमिनाबीनं जीप चढावर थांबवली, हँडब्रेक करकरला. तिला एकदम विजयसिंह आठवला, आणि त्याला हे कधी एकदा सांगते असं झालं.

"कोण हाय? शफीभाई?" गहिनीनाथनं काठी आडवी धरून आत डोकावलं. मग त्याची नजर उजवीकडं गेली आणि तिथंच राहिली. "भाभी? तुमी? चढावर उभी केली? लई झालं!"

कळप सरकत होता तेवढ्यात शफीचा फोन वाजला. घाटाच्या ह्याच टोकाला रेंज येते. त्यानं फोन अगदी डोळ्यांसमोर धरून नाव वाचलं आणि कानाला लावला.

"बोला उत्तरेश्वरभाऊ... न्हाई, आता न्हाई जमणार. गाडी कामाला लागली." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "कुणी म्हणजे? ड्रायव्हर हाय ना. पक्का ड्रायव्हर हाय."

आमिनाबी समोर बघत होती. तिनं क्लच दाबला, पहिला टाकला, आणि थांबली.

"अवो, डावी बाजू कोण बघणार?"

"हां, हां," म्हणत शफीनं घाईघाईनं फोन खिशात कोंबला. नजरेच्या कडा गेल्या होत्या म्हणून अर्धं धड खिडकीबाहेर काढून, सगळी मान वळवून त्यानं नाली बघितली, दगड बघितले, मागं राहिलेलं कोकरू आईला जाऊन मिळालेलं बघितलं. मग त्याचा हात चाचपडत दारावर फिरला आणि रंग उडालेल्या त्या चकचकीत जागी येऊन थांबला.

पत्र्यावर दोन थापा पडल्या.