गाणी कळली, बोलणं नाही

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी मी कॉलेजात दाखल झालो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे तिथलं काय अवघड वाटणं साहजिक आहे आणि काय नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. कॉलेज सकाळचं होतं. ते सुटलं की मी डिंडोलीला घरी यायचो, भाकरी खायचो आणि खात्यावर जायचो. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. खानदेशातून आलेले आम्ही लोकही तेच म्हणतो. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, सकाळी सातला तिथे पाळीवर उभे राहायचे. पाळी बारा तासांची. दुपारपर्यंत त्यांचे गुडघे सुजायचे. मग त्यांचे संचे, म्हणजे लूम, मी सांभाळायचो आणि ते घरी जाऊन पाय लांब करून पडायचे. शेठची हरकत नव्हती. कापड निघत राहिलं म्हणजे झालं. शाळेत असताना हे फक्त सुट्टीत असे. नानांचे गुडघे बिघडत गेले तसं रोजचं झालं.

लूमच्या खडखडाटामुळे खात्यात मोठ्यानं बोलून उपयोग नसतो. शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणून तिथे सगळे ओठांकडे बघतात. धाग्याची तार तुटली, चहा आला, शेठ आला, अमक्याची बायको माहेरी गेली ती अजून आली नाही, हे सगळं दोन रांगांपलीकडून ओठांवर कळतं. नवीन माणूस काही दिवस बावळटासारखा बघत राहतो, मग त्यालाही जमतं. मला कधी जमलं ते आठवत नाही.

कॉलेजात मला इंग्रजी घ्यायचं होतं. पहिल्या वर्षी सगळ्यांना थोडं थोडं असतं. दुसऱ्या वर्षी मुख्य विषय ठरवावा लागतो. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो होतो, पण वाचून वाचून इंग्रजी बरं झालं होतं. पेपरात गुण पडत. वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचो, आणि सर शिकवायचे ते मला कळायचं. फक्त ते फळ्याकडे वळून बोलू लागले की माझं सुटायचं. मला वाटायचं, तेव्हा ते अवघड काहीतरी बोलत असतील.

सर गुजराती होते, पन्नाशीच्या आसपासचे. तरुणपणी त्यांनी खांद्यापर्यंत केस वाढवले होते असं मुलं सांगत. आता ते टक्कल पडलेले, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. रविवारी सकाळी कॉलेजच्या एका खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर लावून ते आम्हा सात-आठ मुलांना फिल्म दाखवायचे. गोष्टीच्या फिल्म नव्हेत, माहितीपट. त्यातही त्यांना हिप्पींच्या काळातले संगीताचे जलसे फार आवडत. परदेशातल्या कुणा नातेवाइकाकडून त्यांनी दोन-तीन कॅसेट मिळवल्या होत्या. माळरानावर लाखभर पोरं जमलेली, मंचावर गिटारी, आणि तीन-तीन दिवस गाणं. रविवारी आमचं खातं बंद असे, म्हणून मी जायचो. खरं तर त्या दिवशी मला झोपायचं असे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं की गाण्याची फिल्म म्हणजे गाणारेच दिसतील. तसं नव्हतं. गाणारे थोडे आणि ऐकणारे फार. कॅमेरा सारखा मंचाकडे पाठ फिरवून गर्दीत शिरायचा. चिखलात झोपलेली जोडपी, अंगावर प्लास्टिक घेतलेली मुलगी, लाकडी कुंपणाला रेलून उभा असलेला एक शेतकरी. त्याचं निम्मं कुंपण लोकांनी मोडलं होतं, तरी तो कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता की पोरं वाईट नाहीत, फक्त भुकेली आहेत. एक पोलीस होता, त्याला कुणीतरी फूल दिलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला समजत नव्हतं. हे सगळं मला कळलं. गाणीही कळली, म्हणजे ढोल आणि मोठी गिटार छातीत वाजली. पण मध्येच वर्गातली मुलं हसायची आणि मी त्यांच्याकडे बघायचो. पडद्यावर नुसता पाऊस पडत असायचा. हसण्यासारखं काय झालं ते मला कळायचं नाही, मग मीही थोडं उशिरा हसायचो.

वार्षिक कार्यक्रमात यातली एक फिल्म सगळ्या कॉलेजला दाखवायची असं सरांनी ठरवलं. मुलांना ते इंग्रजी समजणार नाही, म्हणून कुणीतरी लोकांचं बोलणं हिंदीत करून माइकवर वाचायचं. ते काम त्यांनी मला दिलं. बाकीची मुलं चांगल्या शाळांतली होती, पण सर म्हणाले, हा मन लावून करेल. तिथेच ते असंही म्हणाले की पुढच्या वर्षी तू इंग्रजीच घे. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी पावसाच्या चित्रावरचं ते हसणं आठवलं.

सरांनी खोलीची किल्ली दिली होती. कॉलेज सुटल्यावर खात्यावर जायच्या आधी थोडा वेळ मी फिल्म लावून बसायचो. शेतकरी लिहिला. पोलीस लिहिला. लेकराला कडेवर घेतलेली बाई लिहिली. पण चिखलाच्या, पावसाच्या, रस्त्यावर अडकलेल्या मोटारींच्या चित्रांवर जे आवाज होते, त्यांतलं एक वाक्य धड हाती लागेना. रिवाइंड करायचो, पुन्हा लावायचो. कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं. आवाज वाढवला तर तो नुसता जाड व्हायचा. मग खात्यावर उशीर व्हायचा, आणि नाना संच्याच्या चौकटीला धरून उभे असलेले दिसायचे. ते रागवायचे नाहीत. मला बघितलं की चपला शोधायला लागायचे, आणि मला ते जास्त लागायचं.

असं काही दिवस चाललं. मी मनाशी ठरवून टाकलं की माझं इंग्रजी कागदावरचं आहे. कागदावर कुणीही शिकेल. जिवंत माणूस बोलायला लागला की मला निम्मं कळत नाही, तर हा विषय घेऊन मी कुणाचं तोंड बघणार? खरं म्हणजे दमलोही होतो. इंग्रजी सोडलं तर सोपा विषय घेता येईल, खात्यावर वेळेवर जाता येईल, नाना वेळेवर घरी पोचतील. हे सगळं मला बरोबर वाटायला लागलं होतं.

सरांना सांगायला गेलो तो रविवार होता, सगळी मुलं जमलेली. मी म्हणालो की हे काम मला झेपत नाही आणि पुढच्या वर्षी मी इंग्रजी घेणार नाही. सरांनी कारण विचारलं. म्हणालो, बोलणं कळत नाही. ते म्हणाले, जे कळत नाही ते आपण सगळे मिळून बघू, आणि त्यांनी कॅसेट लावली. शेतकऱ्याचं बोलणं सुरू झालं. सर मध्येच थांबवून मला विचारायचे, मी सांगायचो. सगळं बरोबर येत होतं. सर चकित झाले. मग आवाज थोडा कमी करायला ते उठले आणि टीव्हीसमोर उभे राहिले. शेतकरी त्यांच्या पाठीमागे गेला. तो बोलतच होता.

मी म्हणालो, "सर, जरा बाजूला व्हा ना. ऐकू येत नाहीये."

सगळे हसले. माझ्या मागे बसणारा एक मुलगा होता, कापड दलालाचा, मला नेहमी टोमणे मारणारा. तो म्हणाला, "अल्या, तू आंखथी सांभळे छे के?" डोळ्यांनी ऐकतोस का, असं.

मीही हसलो. सर हसले नाहीत. ते बाजूला झाले नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी मला विचारलं की आत्ता तो काय म्हणाला. मला सांगता आलं नाही. मग त्यांनी रिवाइंड केलं, बाजूला झाले आणि तेच पुन्हा लावलं. मी सांगितलं, अक्षर न् अक्षर. पुन्हा ते समोर उभे राहिले. असं दोन-तीनदा झालं. खोलीतलं हसणं कधी थांबलं ते मला समजलं नाही. सरांनी टीव्ही बंद केला, पंजानं आपलं तोंड झाकलं आणि काहीतरी म्हणाले. मी त्यांच्या पंजाकडे बघत राहिलो.

"गुजरातीत बोललो मी," तोंडावरचा हात काढून ते म्हणाले. "तुझं नाव विचारलं."

त्यांच्याच ओळखीनं दवाखान्यात कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस. मी सांगितल्यावर पुढे फारसं विचारलं नाही. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले, पण राहिलेलं जपता येईल. त्या आवाजात जाऊ नकोस. अशा माणसाला जाड आवाज येतात, ढोल येतो, पण बोलण्यातली बारीक अक्षरं गळतात, असंही त्यांनी समजावलं. बाहेर बाकावर बसलो तेव्हा इंग्रजी माझं चांगलं आहे याचा आनंद मला आधी झाला. कान गेले आहेत, ही दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला.

घरी मी हे काही दिवस सांगितलं नाही. बोलून काय होणार होतं? मी खात्यावर गेलो नाही तर नानांना पुन्हा पूर्ण पाळी उभं राहावं लागणार. आणि आमच्या गल्लीत कानांचं कुणी काही मानत नसे. जेवताना सगळे समोरासमोर बसतात, कुणी पाठमोरं असलं की हाक न मारता खांद्याला हात लावतात, रेडिओ मोठ्यानं लावतात. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. लूमवाल्याला कुणी बहिरा म्हणत नाही. त्याला लूमवाला म्हणतात.

शेवटी मायला सांगितलं आणि तिनं नानांना. नाना खाटेवर पाय सोडून बसले होते. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाला. मी सांगितलं. मग म्हणालो की कानात कापूस घालून येईन, बरेच जण घालतात. ते स्वतःचे गुडघे चोळू लागले.

"आते खातामा येऊ नको," ते म्हणाले.

माय म्हणाली, मग तुमचं काय? बारा तास उभे राहणार?

"पहिले नव्हतो का उभा?"

ती पुन्हा काही म्हणणार होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, आणि न बघितल्यामुळे तिचं बोलणं तिथेच संपलं.

मी इंग्रजी घेतलं. फिल्मचं काम पुरं केलं ते त्या दलालाच्या पोरामुळे. तो माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा, पडद्यावरचं वाक्य ऐकायचा आणि तोंड मोठं मोठं उघडून मला सांगायचा. टोमणे चालूच होते. सांभाळ, म्हणायचा, डोळ्यांत मळ गेला तर बहिरा होशील. पावसाच्या चित्रावरचं ते बोलणं, ज्यावर सगळे हसत, ते म्हणजे हरवलेल्या लोकांसाठी मंचावरून केलेला पुकारा होता. अमक्यानं तमकीला येऊन भेटावं, ती रुसली आहे. इतकंच.

ज्या दुपारी खात्यावर जायचो त्या आता मोकळ्या झाल्या होत्या. अभ्यास करायचा ठरवलं होतं. पहिले कित्येक दिवस मी नुसता झोपलो.

कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी नाना साडेसातला घरी आले. मायनं गरम पाणी दिलं, त्यांनी पाय घमेल्यात सोडले आणि मला विचारलं, त्या फिल्ममध्ये आहे तरी काय? ज्यासाठी हे सगळं झालं ते त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी समोर बसून सांगायला लागलो. लाखभर पोरं, मोठं माळरान, तीन दिवस गाणं. पाऊस आला तरी कुणी उठलं नाही.

"तीन दिन?" नाना म्हणाले. "त्यास्ले सुट्टी कोनी दिन्ही?"

सुट्टी कुणी दिली ते फिल्ममध्ये नव्हतं. मी पुढे सांगत गेलो. शेवटी सगळे निघून जातात. माळरानावर नुसता कचरा राहतो, चिखलात रुतलेली घोंगडी, एकेकटे जोडे. काही माणसं वाकून वाकून ते उचलत असतात. तेव्हा गाणं नसतं. मला फिल्ममधला तो भाग सगळ्यांत जास्त आवडला होता, आणि का ते मला नानांना सांगायचं होतं. पण तोवर त्यांचे डोळे मिटले होते. मी बोलायचं थांबलो. पाणी गार झालं होतं. मी त्यांचे पाय हळूच बाहेर काढले आणि पुसायला घेतले.