सरकारी पेपर मनात वाचायचा नसतो

पत्रूभाऊ गेल्याची बातमी मीच मोठ्यानं वाचून दाखवली. जिवतीच्या बसथांब्यावर चहाच्या टपरीत बसलो होतो. जिवती डोंगरावर, तिथं पेपर दुसऱ्या दिवशी पोचतो. पण शिळा असला तरी चार माणसं भोवती बसतात आणि मी वाचतो. ही सवय पत्रूभाऊंनीच लावलेली. धानाचे भाव झाले, पावसाचं झालं, मग निधनवार्ता. त्यासुद्धा ते सोडू द्यायचे नाहीत. मेलेल्या माणसाचं नाव एकदा तरी जोरानं घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. तर त्या ओघात आरमोरी आलं, सेवानिवृत्त लिपिक आलं, आणि पुढचं नाव मी वाचून गेलो... त्याखालच्या माणसाचंही अर्धं वाचलं आणि मग थांबलो. टपरीवाला म्हणाला, "काऊन साहेब, अक्षर नाई लागत का?" अक्षर लागत होतं. तोवर तिकडं त्यांची माती होऊन गेली होती.

त्याला आता काही आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो, दोन ओळी झाल्या की उठून दारात जातो, परत येतो. दुःख म्हणावं तर तसं नाही. काहीतरी करायचं राहून गेलंय आणि ते कोणाला विचारायचं तेच कळत नाही, असं काहीतरी.

मी आमच्या गावचा पहिला ग्रॅज्युएट. हे सांगताना मी लाजत नाही. बापानं बोडीवर, म्हणजे गावतळ्याच्या कामावर, माती वाहिली तेव्हा मी चंद्रपूरच्या कॉलेजात जाऊ शकलो. पुढं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, नवी कार्यालयं उघडली, आणि आरमोरीच्या वनखात्याच्या एका कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. पत्रूभाऊ तिथं वरिष्ठ लिपिक. पहिल्याच दिवशी माझे कागद पाहून म्हणाले, "बी.ए. हायस काय? चांगलं झालं. आता पंख्याचं बटन दाब." तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. बी.ए., चहा सांग. बी.ए., जावक कुठी ठेवलं. माणूस तसा सोपा नव्हता. सफेद बुशशर्टची इस्त्री मोडली तर दिवसभर भांडायचे. आवाज दांडगा, आणि त्याचा त्यांना ताठाही होता. बौद्धविहारात बोलायला उभे राहिले की लाऊडस्पीकर बाजूला करायचे.

त्यांच्या टेबलावर एक काम होतं, ज्याला कोणी काम समजत नसे. कार्यालयाच्या खर्चातून घेतलेल्या वर्तमानपत्रांची आणि मासिकांची बिलं. नागपूरची दोन दैनिकं, मुंबईचं एक इंग्रजी, आणि मार्च आला की अनुदान परत जाऊ नये म्हणून घेतलेल्या नियतकालिकांच्या वर्गण्या. त्यात एक सिनेमाचं रंगीत पाक्षिक होतं, एक बायकांचं मासिक होतं, त्यात विणकामाचे नमुने यायचे. सगळ्यांवर शेरा एकच : कार्यालयीन संदर्भासाठी. पत्रूभाऊ विचारायचे, आपल्या खात्याले वाघासाठी स्वेटर विणाचं हाय का? कारण यातला एकही कागद कार्यालयात येत नव्हता. नागपूरच्या बसमधून गठ्ठा उतरला की शिपाई तो सायकलवर टाकून थेट साहेबांच्या बंगल्यावर नेई. सगळीकडं तसंच चालायचं, म्हणून कोणाला त्यात काही दिसत नव्हतं. बिलाखाली "वरील अंक कार्यालयास मिळाले" असं छापलेलं असे, त्याखाली पत्रूभाऊ सही करत. तेही करत होते, हे सांगितलं पाहिजे.

मग चैतूदादा आला. जंगलातल्या एका लहान गावचा म्हातारा गोंड माणूस, बाजाराच्या दिवशी मोहोळाचा मध विकायला यायचा. त्या दिवशी गावची दहा-पंधरा माणसं घेऊन आला. गावाला लागून जे जंगल, तिथून घरापुरतं लाकूड, बांबू, मोहफूल आणायचा त्यांचा जुना हक्क. आमच्याकडं त्याला निस्तार म्हणतात. ते जंगल रोपवनासाठी बंद झालं होतं आणि गार्डानं बायकांच्या टोपल्या उलट्या केल्या होत्या. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की हरकती मागवणारी नोटीस पेपरात छापून आली होती, मुदत सरली, आता काही करता येत नाही. चैतूदादानं थोडा विचार केला आणि विचारलं, "तो पेपर कोणाच्या घरी आला होता, साहेब?"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच पत्ता पाहिजे होता, जाऊन वाचून घ्यायला. पण ते ऐकून पत्रूभाऊ चष्मा काढून उठले. बंगल्यावर गेले, मागच्या दारानं, स्वयंपाकिणीला विचारून. तो अंक फळीवर अंथरलेला होता. पुढची कड कात्रीनं कापून झालर केलेली, आणि त्या झालरीत नोटिशीची मुदतीची ओळच गेलेली. परत आले तेव्हा आवाज नेहमीसारखा नव्हता. माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले, "चैतूचं जंगल साहेबाच्या डाळीच्या डब्याखाली हाय, बी.ए."

त्या महिन्याच्या बिलावर त्यांनी सही केली नाही. साहेबांनी आत बोलावलं. मी फाईल घेऊन दारात उभा होतो, सगळं ऐकलं.

"पत्रूजी, नुसती सही तर आहे."

"मले मिळाले असते तर केली असती साहेब."

"सिरोंचा पाहिलंय का तुम्ही?"

"नाई पाहिलं. तुमी पाठवसान तर पाहून येईन."

धमकी खरी होती. सिरोंचा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, पावसाळ्यात नाले चढले की वाट बंद. घरी सखूबाई, त्यांची बायको, दम्यानं बेजार. तिला तिकडं नेता येणार नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, भाऊ, रिटायर व्हायला आलात, कशाला? ते पेनात शाई भरत बसले. बिल अडलं, एजंटानं गठ्ठा बंद केला. आणि गंमत अशी की साहेब सहीपुढं हरले नाहीत, घरी हरले. बाईसाहेब मासिकातली कादंबरी वाचत होत्या, आणि पुढचा भाग येईना. शेवटी तोड निघाली : मासिकं बंगल्यावर, पण दैनिकं कचेरी सुटेपर्यंत कार्यालयाच्या व्हरांड्यात. मासिकांच्या बिलावर कोणाची सही होत होती, ते मी पाहिलं नाही. पत्रूभाऊंची नव्हती.

त्यांनी बांबूच्या दोन कांबट्या चिरल्या, त्यात पेपर अडकवून व्हरांड्याच्या खांबाला टांगला, आणि एक नियम काढला. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं. मी एकदा उभ्या उभ्या नोकरीच्या जाहिराती पाहत होतो, तर आतून ओरडले की सरकारी पेपर मनात वाचायचा नसते, मनात वाचायचा असन तर आपल्या पैशानं घे. मला राग आला. खेड्यातली शाळा सोडून इतकं शिकलो ते ओठ न हलवता वाचायलाच, असं मला वाटे. मी म्हणालो, शिकलेला माणूस मनातच वाचतो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते पाहणं अजून डोळ्यांपुढून जात नाही. "शिकला म्हंजे तुयाच पुरता शिकला काय रे?"

बाजाराच्या दिवशी ते स्वतः वाचत. अडलेला शब्द सरळ गिळायचे नाहीतर आपल्या मनचा घालायचे. साबणाची जाहिरातही सरकारी आदेशासारखी वाचायचे. राशिभविष्य सगळ्यांना सगळ्यांचं ऐकवायचे. पण मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या नोटिशी मात्र दोनदा, गावांची नावं तीनदा. तशीच एके दिवशी चैतूदादाच्या गावच्या उरलेल्या जंगलाची नोटीस आली. त्याच वेळी एक अडचण उघडी पडली, आणि ती फक्त आमच्याच माणसांची असू शकते. चौकशीला येणारा अधिकारी विचारणार, तुमची काही हरकत आहे का? आणि हे लोक पाहुण्याला पाणी देत, मान हलवत म्हणणार, हरकत नाई. दारी आलेल्या माणसाच्या तोंडावर 'हरकत आहे' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. गेल्या वेळीही गार्डानं जाता जाता विचारलं होतं, आणि त्यांनी तेच म्हटलं होतं. ते हसत हसत सांगत होते, आणि पत्रूभाऊंनी कपाळ धरलं.

मग त्यांनी व्हरांड्यात शाळाच भरवली. म्हणा, हरकत हाय. लोक खाली पाहून पुटपुटले. मनात नाई, मनात नाई, जोरानं. बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. चैतूदादा म्हणाला, "भाऊ, आधी पाणी देऊ, मंग म्हणू. चालन ना?" चालेल म्हणाले. आणि मग सगळ्यांनी एकदम म्हटलं, इतक्या जोरात की साहेब केबिनमधून बाहेर आले... चौकशीच्या दिवशी पाणीही दिलं गेलं आणि हरकतही घेतली गेली. उरलेलं जंगल राहिलं. आधीचं गेलं ते गेलंच. तिथं आता सागाच्या रांगा उभ्या आहेत, आणि मोहाची झाडं नाहीत.

सिरोंच्याचा आदेश त्यानंतर आला. पत्रूभाऊ एकटे गेले, बसमध्ये पत्र्याच्या ट्रंकेवर बसून, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथं नदीपलीकडून तेलुगू पेपर यायचा. कळत नसताना तो कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेत बसायचे, असं तिकडून आलेला माणूस सांगे. त्यांच्यानंतर ते टेबल माझ्याकडं आलं आणि पेपर पुन्हा बंगल्याकडं वळला. मीही सही केली नाही. म्हणून माझी जिवतीला बदली. याचं मला वाईट वाटत नाही.

परवा सुटी काढून आरमोरीला गेलो. सखूबाई ओसरीत बसल्या होत्या, धाप लागत होती. खांबाला बांबूच्या तशाच कांबट्या, त्यात त्या दिवसाचा पेपर, घडीही न मोडलेला. त्यांना वाचता येत नाही. रोज संध्याकाळी भाऊ वाचायचे. पेपरवाल्यानं बंद करू का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. मला पाणी दिलं, कांबट्या काढून पेपर पुढं ठेवला. मी पान उलटलं आणि नकळत ओठ मिटूनच वाचायला लागलो.

"मनात काऊन वाचून राह्यला, बी.ए.?"

मी मोठ्यानं वाचायला लागलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मागच्या पानावर आलो. बारीक अक्षर, एक नोटीस, रोपवन, हरकती. गावांची नावं तीनदा वाचली, तशीच सवय. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले.

"हे तर चैतूच्या गावाच्या पल्याडचं. त्याइले सांगतलं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी आरमोरीचा बाजार होता, तिकडची माणसं येणार होती. माझी जिवतीची बस सकाळची होती... मी पेपर घडी करून खिशात घातला. बस गेली तरी चालणार होतं.